अवजड यंत्र ट्रेलरवर साखळीने बांधताना: वजन काढण्यापासून बाइंडर सोडेपर्यंत

ट्रेलरवर चढलेल्या वीस टनी पोकलेनकडे बघून "एवढं जड धूड हलतंय कशाला?" असं म्हणणारे मी खूप पाहिले आहेत. हा समज आधी डोक्यातून काढावा लागतो, कारण बांधणीतल्या बहुतेक चुका त्यातूनच निघतात. यंत्र डेकवर, म्हणजे ट्रेलरच्या सपाट पाटावर, टिकून राहतं ते घर्षणामुळे, आणि वजन वाढलं की घर्षण वाढतं हे खरंच आहे. पण ब्रेक मारल्यावर यंत्राला पुढे रेटणारा जोरसुद्धा त्याच वजनाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही सारखेच वाढले, म्हणजे वजनाचा फायदा काहीच झाला नाही. खालचा पृष्ठभाग सारखा असेल, तर दोन टनांचा रोलर ज्या ब्रेकला घसरतो त्याच ब्रेकला वीस टनांचं पोकलेनही घसरतं. फक्त वीस टन एकदा निघाले की ट्रकची केबिन त्यांना थांबवू शकत नाही.

किती जोर धरायचा, याचे आकडे ठरलेले आहेत. अमेरिकेचे वाहतूक नियम आणि युरोपचं 'ईएन १२१९५-१' हे मानक दोन्ही साधारण एकच सांगतात: पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट, मागे ०.५ पट आणि दोन्ही बाजूंना ०.५ पट. म्हणजे वीस टनांचं यंत्र जोरदार ब्रेकला सोळा टन वजनाइतक्या जोराने पुढे ढकललं जातं आणि वळणावर दहा टनांच्या जोराने बाहेर ओढलं जातं. शिवाय खड्ड्यात ते वर उसळतं.

म्हणून प्रत्येक साखळीपाशी थांबून मी एकच प्रश्न विचारतो: ही साखळी यंत्राला कुठे जाण्यापासून अडवते? उत्तर देता आलं नाही, तर ती साखळी शोभेची आहे.

वजन आणि जागा

यंत्राच्या माहिती-पट्टीवर वजन कोरलेलं असतं, पण ते कारखान्यातून निघतानाचं. बकेट बदललेली असते, ब्रेकर लावलेला असतो, डिझेलची टाकी भरलेली असते, ट्रॅकमध्ये आणि खालच्या सांगाड्यात चिखल वाळलेला असतो. (पोकलेनच्या पट्ट्याला बरेच जण चेनच म्हणतात, इथे बांधायच्या साखळीशी घोळ नको म्हणून मी ट्रॅक म्हणतोय.) हे सगळं मिळून दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो. जवळपास वजनकाटा असेल तर काट्यावरचा आकडा घ्या. नसेल तर पट्टीवरच्या वजनात जोडकामाचं वजन मिळवा आणि वर थोडी भर धरा.

त्या वजनाला ट्रेलर पुरतो का, हे वेगळं तपासायचं. पूर्ण डेकची क्षमता एक असते आणि मधल्या दोन-तीन मीटरच्या पट्ट्याची वेगळी; आखूड, जड यंत्र दुसऱ्या आकड्यात अडकतं. ओढदांड्याच्या छोट्या ट्रेलरवर यंत्र असं उभं करा की एकूण भाराचा १० ते १५ टक्के हिस्सा ओढदांड्यावर येईल. त्याहून कमी आला तर ट्रेलरची शेपटी डुलायला लागते, आणि एकदा लागली की वेगात ती आवरत नाही.

साखळी वाचायला शिका

चांगल्या साखळीच्या कड्यांवर ठरावीक अंतराने खूण कोरलेली असते: ४३, ७०, ८० किंवा नुसतं ४, ७, ८. हा तिचा ग्रेड. खूणच नसेल तर ती साखळी कितीही जाड दिसली तरी तिला सगळ्यात खालच्या ग्रेडची धरा. ग्रेड ७० ही खास वाहतुकीसाठीची साखळी, बहुधा सोनेरी-पिवळ्या झळाळीची. ती भार बांधण्यासाठी असते, उचलण्यासाठी नाही. ग्रेड ८० आणि १०० या मिश्रधातूच्या साखळ्या दोन्ही कामांना चालतात.

१० मिलिमीटरच्या ग्रेड ७० साखळीची कार्यभार मर्यादा, म्हणजे वापरात तिच्यावर टाकायचा जास्तीत जास्त भार, सुमारे ३ टन, ८ मिलिमीटरची सुमारे २.१ टन, १३ मिलिमीटरची ५.१ टन. ग्रेड ८० मध्ये हेच आकडे १० मिलिमीटरला ३.२ आणि १३ मिलिमीटरला ५.४ टन होतात. जाडी तीन मिलिमीटरने वाढली की ताकद जवळजवळ पावणेदोनपट होते. म्हणून साखळी नजरेने निवडू नका, कडीच्या सळईची जाडी कॅलिपरने मोजा.

आता एक जागा, जिथे अनुभवी माणसंही फसतात. त्याच १३ मिलिमीटरच्या ग्रेड ८० साखळीच्या एका पट्टीवर ५.४ टन लिहिलेलं सापडेल आणि दुसऱ्या पट्टीवर 'एलसी (बांधणी-क्षमता) १०० किलोन्यूटन', म्हणजे जवळजवळ १०.२ टन. साखळी तीच, मग आकडा दुप्पट कसा? कारण दोन पद्धती वेगळ्या आहेत. अमेरिकी पद्धतीत साखळी तुटण्याच्या भाराचा चौथा हिस्सा कार्यभार म्हणून छापतात. युरोपच्या बांधणी-साखळीच्या 'ईएन १२१९५-३' मानकात तुटण्याच्या भाराचा अर्धा हिस्सा छापतात. दोन्ही आकडे आपापल्या हिशेबात बरोबर आहेत. घोळ होतो तो एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या सूत्रात घातल्यावर. कोणतीही एक पद्धत धरा आणि शेवटपर्यंत तीच वापरा.

आकडा साखळीचा असला तरी पूर्ण बांधणीची ताकद सगळ्यात कमजोर तुकड्याइतकीच. ५ टनांची साखळी, ४ टनांचा बाइंडर (साखळी आवळून ताणलेली ठेवणारं अवजार) आणि डेकवर ३ टनांची कडी असेल, तर तुमच्याकडे ३ टनांची बांधणी आहे.

तपासणी हाताने करा, नुसत्या डोळ्यांनी नाही. हातमोजा घालून साखळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सरकवत जा. लांबलेली कडी हाताला लगेच कळते: शेजारची कडी तिच्यात मोकळी फिरत नाही, अडखळते. कडीला चीर, खोल खाच किंवा पीळ असेल, सळई कुठेही १० टक्क्यांहून जास्त झिजलेली असेल, वेल्डिंगच्या ठिणग्या पडलेल्या असतील किंवा उष्णतेने निळसर डाग पडला असेल, तर साखळी बाजूला काढा. वेल्डिंग करून जोडलेली कडी, नटबोल्टने जोडलेली कडी, साखळीला मारलेली गाठ, यातलं काहीही चालत नाही. कड्या उष्णता-संस्कार देऊन कडक केलेल्या असतात आणि वेल्डिंगच्या आचेने तो संस्कार निघून जातो. हुकाचं तोंड मूळ मापापेक्षा फाकलेलं दिसलं तर त्यावर एकदा जास्त ताण येऊन गेला आहे. त्याला ठोकून जागेवर आणू नका.

किती साखळ्या, याचा हिशेब

अमेरिकी नियमाप्रमाणे ४,५३६ किलो किंवा त्याहून जड यंत्राला किमान चार स्वतंत्र बांधण्या लागतात आणि प्रत्येकीची कार्यभार मर्यादा २,२६८ किलोहून कमी चालत नाही. याच कारणाने ८ मिलिमीटरची ग्रेड ७० साखळी या कामाला थोडक्यात कमी पडते. सगळ्या बांधण्या मिळून यंत्राच्या निम्म्या वजनाइतकी क्षमता हवी. पण डेकवरच्या कडीपासून थेट यंत्रावरच्या कडीपर्यंत जाणारी साखळी या बेरजेत निम्मीच मोजली जाते. ती यंत्रावरून किंवा त्याला वेढा घालून डेकच्या दुसऱ्या बाजूला गेली, तरच पूर्ण मोजतात.

वीस टनांच्या पोकलेनला १० मिलिमीटरच्या ग्रेड ७० च्या चार थेट साखळ्या लावल्या असं धरा. चार गुणिले ३ म्हणजे १२ टन, त्याचे निम्मे ६. लागतात १०. चारही साखळ्या ताज्या कोऱ्या असल्या तरी ही बांधणी नापास. १३ मिलिमीटरच्या घेतल्या तर ५.१ च्या चार, म्हणजे २०.४, निम्मे १०.२, जेमतेम पास. लक्षात ठेवायला सोपं: थेट बांधणीत सगळ्या साखळ्यांच्या मर्यादांची बेरीज निदान यंत्राच्या वजनाइतकी भरली पाहिजे.

ही झाली नियमाची किमान रेषा. मी यापुढे जाऊन दिशेचा हिशेब करतो. साखळी डेकशी ३० अंशांचा कोन करते आणि वरून बघितलं तर ट्रेलरच्या लांबीशी ४५ अंशांवर तिरकी जाते असं समजा. तिच्या ताकदीचा पुढे-मागे धरणारा हिस्सा ०.८७ गुणिले ०.७१, म्हणजे सुमारे ०.६१. बाकीची ताकद आडवं आणि खाली ओढण्यात जाते. साखळी डेकशी ६० अंशांवर उभी केली तर आडव्या दिशेला तिची फक्त निम्मी ताकद उरते, आणि मग ती ट्रेलरच्या लांबी-रुंदीत वाटली जाते. म्हणून डेकशी कोन ४५ अंशांच्या खाली ठेवा; ३० च्या आसपास उत्तम.

आता हे युरोपच्या पद्धतीने तोलून बघू. वीस टनांचं यंत्र, पुढे १६ टनांचा जोर. ट्रॅक आणि डेक तेलकट, चिखलाने माखलेले असले तर घर्षणांक, म्हणजे वजनाच्या किती पट घर्षण मिळतं तो आकडा, ०.२, थेट बांधणीत त्याचेही तीन चतुर्थांशच मोजतात, म्हणजे घर्षण ३ टन धरतं. उरले १३ टन. पुढचा जोर मागच्या दोनच साखळ्या धरतात, म्हणून प्रत्येकी साडेसहा. ते ०.६१ ने भागले की प्रत्येक साखळीत १०.६ टन ताण. १३ मिलिमीटरची ग्रेड ८० साखळीसुद्धा इथे १०.२ वर संपते. आता त्याच यंत्राखाली डेक स्वच्छ करून जाड रबरी मॅट टाका. घर्षणांक ०.६ होतो, घर्षण ९ टन धरतं, उरतात ७, आणि प्रत्येक साखळीत ५.७ टन ताण. हा ताण ६३ किलोन्यूटनची, म्हणजे ६.४ टनांची, १० मिलिमीटर साखळी घेते. साखळ्या तेवढ्याच आहेत. फरक पडला तो खालच्या पृष्ठभागाने.

दोन्ही पद्धतींचे हे सगळे आकडे पाठ करायची गरज नाही. पण झाडू आणि खरवडणी हीसुद्धा बांधणीची हत्यारं आहेत, हे यातून समजावं म्हणून एवढं लांबण लावलं.

चढवण्याआधी आणि चढवताना

जमीन सपाट आणि टणक हवी. ट्रेलरचा ब्रेक लावा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे द्या. डेक झाडून घ्या, तेल सांडलं असेल तर पुसा, बर्फ किंवा ओला चिखल असेल तर खरवडा. यंत्राच्या ट्रॅकमधला चिखल फावड्याने काढा.

याचं महत्त्व मला एका फेरीत कळलं. यंत्र चढवलं, चार साखळ्या लावल्या, चारही बाइंडर करकचून आवळले. साधारण चाळीस किलोमीटरवर थांबून बघितलं, तर मागच्या डाव्या साखळीला चांगला वीतभर झोल. कडी, हूक, बाइंडर, सगळं जागेवर होतं. खाली वाकून बघितलं तेव्हा कळलं: त्या बाजूच्या ट्रॅकखाली वाळलेल्या मातीचं ढेकूळ राहून गेलं होतं. हादऱ्यांनी त्याचा भुगा झाला, यंत्र त्या कोपऱ्यात दोन-अडीच सेंटीमीटर खाली बसलं आणि साखळी मोकळी झाली. कापडी पट्टा ताणला की सेंटीमीटरांनी लांबतो, त्यामुळे थोडं खाली बसणं तो सामावून घेतो. बाइंडरच्या ताणाने साखळी लांबते ती मिलिमीटरांत. यंत्र दोन सेंटीमीटर खाली गेलं की साखळीतला सगळा ताण संपतो.

यंत्र चढवताना चालकाने पट्टा बांधलेला असावा आणि खुणा करणारा माणूस एकच असावा, तोही यंत्राच्या बाजूला नव्हे तर चालकाला दिसेल अशा सुरक्षित अंतरावर. रॅम्पवर वळायचं नाही. वळायचं ते खालीच वळून घ्या. रॅम्पच्या माथ्यावर यंत्राचा तोल पुढे जाऊन ते एकदम डेकवर पडतं. त्या क्षणी वेग जवळजवळ शून्य असू द्या. लोखंडी ट्रॅकचं यंत्र ओल्या लोखंडी रॅम्पवर साबणासारखं सरकतं. तिथे लाकडी फळ्या किंवा मॅट टाकल्याशिवाय चढवू नका.

जिथे ट्रेलरचा आकार परवानगी देतो तिथे ट्रॅकचा पुढचा भाग ट्रेलरच्या गळ्याच्या (पुढच्या उंच भागाच्या) पायरीला किंवा पक्क्या आडव्या अडसराला टेकवा, मध्ये जाड लाकडी ओंडका घालून. पुढे जाण्याचा जोर मग थेट ट्रेलरच्या सांगाड्यावर जातो आणि मागच्या साखळ्यांवरचा मोठा बोजा उतरतो. मला विचाराल तर एक पक्का अडसर दोन जादा साखळ्यांहून बरा. मात्र अशाने भार पुढे सरकून पुढच्या धुऱ्यावर जास्त येत नाही ना, हे तपासून.

यंत्र निजवणं

बूम (यंत्राचा लांब हात) आणि बकेट पूर्ण खाली, बकेटखाली लाकडी ठोकळा. वरचा फिरता भाग जागच्या जागी अडकवणारी पिन किंवा कुलूप असेल तर ते लावा. सांध्यावर वळणाऱ्या लोडरला आणि रोलरला मधल्या सांध्याचा दांडा असतो. तो लावायचा राहिला तर वळणावर यंत्र कमरेत मोडतं आणि साखळ्या ढिल्या पडतात. पार्किंग ब्रेक लावा, इंजिन बंद करा, मग सगळे लिव्हर हलवून हायड्रॉलिक दाब सोडा. हायड्रॉलिक सिलेंडर हा कुलूप नाही. तेल हळूहळू झिरपतं, हादऱ्यांनी दाब बदलतो, आणि वर धरलेलं काहीही हळूहळू खाली येतं. जे वर राहणार आहे ते साखळीने बांधलंच पाहिजे.

दारं, झाकणं, आरसे, सैल अवजारं, केबिनमधली बाटली, सगळं बंद करा किंवा काढून ठेवा. धुराड्याचं तोंड झाका. उलट्या वाऱ्याने टर्बो तेलाशिवाय फिरत राहतो. शेवटी टेपने जमिनीपासून सगळ्यात उंच बिंदूपर्यंत उंची मोजा आणि तो आकडा केबिनमध्ये डोळ्यांसमोर लिहून ठेवा.

हूक कुठे अडकवायचा

यंत्रावर बांधणीची जागा बहुधा साखळी किंवा हुकाच्या चित्राने दाखवलेली असते. तिथेच बांधा. तशी खूण नसेल तर खालच्या सांगाड्याचा जाड भाग किंवा ओढण्यासाठीची पक्की कडी शोधा. पायरी, कठडा, सिलेंडरचा चकचकीत दांडा, हायड्रॉलिक होस, ब्रेकची नळी, यातल्या कशालाही साखळी नको, आणि साखळी ताणल्यावर ती यांना घासूही नये. पोकलेनच्या ट्रॅकवरून साखळी टाकून बांधलेलं मी अजूनही बघतो. ट्रॅक फिरू शकतो, आणि फिरला की साखळी ढिली. बांधायची ती ट्रॅकच्या सांगाड्याला.

ट्रेलरच्या बाजूनेही तेवढंच बघा. बाजूची पातळ पट्टी ही ताडपत्रीच्या दोरीसाठी असते. साखळीला डेकच्या सांगाड्यात बसवलेल्या कड्या किंवा साखळीच्या खाचा वापरा आणि त्यांची क्षमता जाणून घ्या.

हुकांमध्ये दोन जाती आहेत. रुंद तोंडाच्या हुकात साखळी सरकते. अरुंद घळीच्या ग्रॅब हुकात एकच कडी आडवी बसते आणि साखळी तिथेच धरली जाते. ग्रॅब हूक साखळीच्या मापाचाच हवा. १० मिलिमीटर साखळीला १३ चा हूक लावला तर कडी घळीच्या तळाशी न बसता तोंडाशी टेकते आणि ताणाखाली निसटते. कोणताही हूक असो, भार त्याच्या तळाशी, कमानीत यायला हवा. टोकावर आलेला भार हूक उघडतो.

चार कोपरे, चार दिशा

पुढच्या दोन साखळ्या यंत्राच्या पुढच्या भागातून पुढे जातात, मागच्या दोन मागच्या भागातून मागे. ब्रेक लागला की यंत्र पुढे जाऊ पाहतं, पुढच्या साखळ्या सैल पडतात आणि मागच्या दोनच सगळं धरतात. मागच्या साखळ्यांना दुय्यम मानून तिथे जुना माल लावणाऱ्याला हे माहीत नसतं. सगळ्यात चांगल्या दोन साखळ्या मागे लावा.

यंत्र डेकपेक्षा अरुंद असेल तर साखळ्या कोपऱ्यांतून बाहेर, डेकच्या कडेकडे जाऊ द्या. यंत्र डेकच्या रुंदीचं असेल तर बाहेर जायला जागाच नसते; मग मागे आणि पुढे साखळ्या फुलीसारख्या ओलांडून न्या, डावीकडून उजवीकडे आणि उलट. दोन्ही प्रकारांत बाजूची ओढ मिळते. सरळ रेषेत मागे नेलेली साखळी पुढे-मागे झकास धरते, पण वळणावर तिचा उपयोग नाही. फुलीत दोन साखळ्या एकमेकींवर घासत नाहीत ना, हे बघा. घासत असतील तर एकीची कडी एक घर बदला.

एकच लांब साखळी एका कोपऱ्यातून यंत्राखालून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन दोन साखळ्यांचं काम केल्याचा भास होतो. ती एका ठिकाणी तुटली तर दोन्ही कोपरे एकदम सुटतात. चार कोपऱ्यांना चार स्वतंत्र साखळ्या आणि चार स्वतंत्र बाइंडर ठेवा. बूम-बकेटला पाचवी साखळी, डेकवरून बकेटच्या किंवा आर्मच्या वरून दुसऱ्या बाजूला. ती या चारांत मोजायची नाही.

रबरी टायरच्या यंत्राला वेगळी काळजी हवी. टायर चेंडूसारखे दबतात आणि उसळतात, तेव्हा साखळ्या आळीपाळीने ढिल्या आणि घट्ट होतात. हवेचा दाब योग्य ठेवा आणि बांधताना टायर थोडे दबतील एवढा ताण द्या.

साखळीला पीळ पडलेला असेल तर आवळण्याआधी काढा. पिळलेल्या साखळीत भार कड्यांच्या तळाशी न येता खांद्यावर येतो. धारदार कोपऱ्यावरून साखळी वळत असेल तर कोपऱ्याला संरक्षक घाला. कडी कोपऱ्यावर आडवी पडली की ती वाकते.

बाइंडर

लिव्हरचा बाइंडर झटकन बसतो, पण आवळताना आणि सोडताना त्याचा दांडा जोरात उलटतो. दात, जबडा, मनगट मोडल्याची उदाहरणं या धंद्यात सगळ्यांना माहीत आहेत. रॅचेटचा बाइंडर हळू चालतो, ताण थोडाथोडा वाढवतो आणि तसाच सोडतो. नवीन विकत घेणार असाल तर रॅचेटच घ्या. मी जुने लिव्हर केव्हाच काढून टाकले.

लिव्हर वापरणं भाग असेल, तर दांड्यावर पाइप चढवून लांबी वाढवू नका. पाइपमुळे बाइंडरच्या क्षमतेपलीकडचा ताण साखळीत भरला जातो आणि तो सगळा दांडा उलटताना पाइपच्या टोकाला येतो. उघड्या तळव्याने ढकला, अंगठा दांड्याखाली गुंतवू नका, चेहरा आणि छाती दांड्याच्या वाटेबाहेर ठेवा. पाय जमिनीवर असावेत. डेकच्या कडेवर किंवा ट्रॅकवर उभं राहून आवळताना दांडा सुटला तर माणूस खाली पडतो. बंद झालेला दांडा खालच्या दिशेला यायला हवा आणि तो तारेने किंवा साखळीच्या शेपटाने बांधून ठेवा.

रॅचेट लावताना आधी स्क्रू जवळजवळ पूर्ण बाहेर काढा, मग हाताने जितकी ओढता येईल तितकी साखळी ओढून हूक अडकवा. सुरुवातीलाच स्क्रू आत असेल तर आवळायला वाव उरत नाही. बाइंडर जमिनीवरून हाताला येईल अशा उंचीवर आणि साखळीच्या सरळ भागात असावा. कोपऱ्यावर टेकला तर त्याचा दांडा वाकतो. चारही आधी सैलसर बसवा आणि मग तिरके, एकाआड एक आवळा. एकच कोपरा आधी पूर्ण आवळला तर यंत्र त्या बाजूला ओढलं जातं.

किती घट्ट? साखळीच्या मधल्या भागावर टाच दाबली तर ती फारशी हलू नये, आणि पान्ह्याने ठोकली तर खणकन आवाज यावा, खुळखुळ नाही. उरलेलं शेपूट साखळीभोवती गुंडाळून तारेने किंवा रबरी दोरीने बांधा. लोंबतं शेपूट चाकाखाली जातं आणि मग पुढचं सगळं ओढून नेतं.

निघाल्यावर

ट्रेलर जागेवरच थोडा पुढे घ्या, हलका ब्रेक मारा, उतरून बघा. इथेच पहिली ढिलाई दिसते. अमेरिकी नियम पहिल्या ८० किलोमीटरच्या आत थांबून तपासायला सांगतो आणि त्यानंतर सुमारे २४० किलोमीटर किंवा तीन तास, यात जे आधी येईल तेव्हा. मी पहिला थांबा वीस-पंचवीस किलोमीटरवरच घेतो, कारण यंत्र बसायचं ते तेवढ्यातच बसतं. फेरी मारताना प्रत्येक साखळी हाताने धरून बघा, बाइंडरचा दांडा बघा, हूक घळीत आहे का ते बघा. ट्रॅकच्या शेजारी डेकवर खडूने रेघ मारून ठेवली तर यंत्र सरकलं आहे की नाही ते पुढच्या थांब्यावर लगेच कळतं.

साखळी ढिली मिळाली तर नुसतं आवळून पुढे जाऊ नका. ती का ढिली झाली हे शोधा. कडी लांबली, हूक उघडला, लाकडी ठोकळा चेपला की खाली माती होती, यातलं काहीतरी एक सापडतं.

सोडताना

पोचल्यावर घाई असते, आणि अपघात याच वेळी होतात. आधी सपाट जागा, ट्रेलरचा ब्रेक, चाकांना ठोकळे. मग यंत्राभोवती फिरून ते कोणत्या साखळीवर टेकलेलं आहे ते ओळखा. प्रवासात ते एका बाजूला सरकलेलं असू शकतं. ती साखळी शेवटी सोडा. यंत्राच्या ट्रॅकला किंवा चाकांना ठोकळे दिल्याशिवाय कोणताच बाइंडर उघडू नका. लिव्हर अडकून बसला असेल तर हातोडीने ठोकू नका. यंत्र थोडं हलवून ताण कमी करा, तेही कोणी साखळीच्या रेषेत उभं नाही याची खात्री करूनच.

साखळ्या डेकवर ढीग करून टाकू नका. पुसा, खुंटीवर टांगा, रॅचेटच्या स्क्रूला ग्रीस लावा. टाकाऊ ठरलेली साखळी भंगारात अख्खी फेकू नका, ग्राइंडरने तिचे दोन-तीन तुकडे करा. अख्खी राहिली तर कुणीतरी तिला बरी समजून उचलतो आणि दुसऱ्या ट्रेलरवर लावतो.